मदत हवी आहे: छोट्या गाडीत मागे तोंड करून बसणारी कार सीट

मुलगी १६ महिन्यांची, वजन साडेदहा किलो, उंची ७९ सेंमी. सध्याची सीट आर१२९ची (मुलांच्या कार सीटचा सुरक्षा नियम), आयसोफिक्स (पट्ट्याऐवजी गाडीतल्या कड्यांना थेट अडकवायची सोय) आणि खाली आधाराचा पाय असलेली; मागे तोंड करून १०५ सेंमीपर्यंत चालते. १५ महिन्यांनंतर पुढे तोंड चालतं हे माहीत आहे, पण पोरांचं डोकं जड, मान नाजूक, म्हणून घाई करायची नाहीये.

अडचण जागेची. गाडी छोटी हॅचबॅक. सीट डावीकडे लावली की पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात, आणि पुणे-सातारा प्रवासात तिथे सासरे बसतात. ड्रायव्हरच्या मागे लावून पाहिली, नवऱ्याला क्लचच नीट दाबता येईना. मधे आयसोफिक्स नाही, कमरेचाच पट्टा. सीट जरा उभी केली तर झोपेत तिची मान पुढे पडते. पुढच्या सीटवर एअरबॅग, त्यामुळे तो विषयच नको. (पाय दुमडतात ही सासूबाईंची तक्रार, पोरगी मात्र मजेत मांडी घालून बसते.)

गाडी बदलणार नाही. बजेट २५ हजार.

छोट्या हॅचबॅकमध्ये दोन वर्षांपुढेही मागे तोंड करून कोणी बसवतंय का? कोणती सीट, आणि पुढे सहा फुटी माणूस मावतो का?