बॅटल बियॉन्ड द स्टार्स (१९८०) परत बघितला, अजूनही तेवढाच आवडला

नवीपेठकर:
काल रात्री हा अंतराळातल्या लढाईचा सिनेमा परत लावला. लहानपणी भाड्याचा व्हीसीआर आणून आख्खी गल्ली एका खोलीत बसायची तेव्हा बघितलेला, कॅसेटला मुंग्या इतक्या की अर्धं यान दिसायचंच नाही. माहीत नसेल त्यांना सांगतो, साडोर नावाचा गुंड अकीर ग्रहावर चालून येतो आणि शाड नावाचं साधं पोरगं लढणारी माणसं गोळा करायला निघतं. निर्माता रॉजर कॉर्मनने साधारण वीस लाख डॉलरमध्ये बसवलाय, आणि यानांच्या मॉडेलवर जेम्स कॅमेरॉन राबत होता, ज्याने चारच वर्षांनी टर्मिनेटर काढला! पैसा नव्हता म्हणून डोकं चाललं, मी तर हेच म्हणेन.

जुनी_मिल_चाळ:
नाही पटलं दादा. डोकं कुठं चाललं, गोष्ट सरळ जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या सेव्हन सामुराई सिनेमाची. त्याच गोष्टीवर काढलेल्या मॅग्निफिसंट सेव्हन ह्या काऊबॉय सिनेमात रॉबर्ट वॉन हा नट होता, त्यालाच आणून तसलाच रोल दिला. वर १९८३ च्या स्पेस रेडर्समध्ये ह्याच यानांचे शॉट आणि जेम्स हॉर्नरचं म्युझिक परत लावलं. लोकांनी एकाच मालाला दोनदा तिकीट का काढायचं ओ?

नवीपेठकर:
चोरी कसली बे, ग्रहाचं नावच अकिरा कुरोसावावरून अकीर ठेवलंय, उघड नमस्कार केलाय. स्पेस रेडर्सचं मान्य. पण वॉनचा गेल्ट बघ ना, एवढा पैसेवाला मारेकरी पण जीव मुठीत धरून जगतो, म्हणून मजुरी काय मागतो तर एक जेवण आणि लपायला जागा. तो मेल्यावर शाड त्याच्यासोबत पूर्ण जेवण पुरायला लावतो, ठरलेलं होतं म्हणून. ह्याला किती डॉलर लागले असतील? मला काल तिथं रडू आलं.

चादरवाली:
आमच्या वडिलांचा माग होता. उरलेल्या सुताची चादर तेपण काढायचे, पण गिऱ्हाईकाला सांगून, कमी भावात. त्यामुळं शॉटच्या बाबतीत मिलवाल्या दादांशी सहमत. मला दुसरंच खटकतं, सेंट एक्समिन एवढी लढवय्यी बाई आणि कॅमेरा सारखा तिच्या कपड्यांवर, ह्याचा आणि बजेटचा काय संबंध? पाच शरीरं आणि मन एकच असलेला नेस्टर मात्र लई भारी सुचलाय.

नवीपेठकर:
ताई, सेंट एक्समिनबद्दल बरोबर बोललात. मुलीसोबत बघताना मलाही तिथं अवघडल्यासारखं झालं.

जुनी_मिल_चाळ:
गेल्टच्या जेवणाचं मला आठवतच नव्हतं. रविवारी लावतो परत, भावालापण बसवतो. शॉट परत वापरल्याचं माफ नाही पण.