९० बीपीएमचं रॅप इलेक्ट्रॉनिकमध्ये कसं न्यायचं? (व्होकल आणि हलगी, दोन्हींची अडचण)

मंगळवारपेठ_एमसी:
तिघांचा ग्रुप आहे, दोघं रॅपर, एक प्रोड्यूसर. आतापर्यंत सगळं बूम-बॅप (जुन्या ढंगाचं, जड ड्रमचं हिप-हॉप), ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या आसपास. आता इलेक्ट्रॉनिककडं जायचं ठरलंय. जुने व्हर्स १२८ च्या हाउस (क्लबचं डान्स संगीत) बीटवर टाकले की शब्द तुटक आणि घाईत म्हटल्यासारखे येतात, पिच लॉक करूनही (वेग बदलला तरी आवाजाची पट्टी तीच ठेवून). हलगी ठेवायचीच आहे, पण किकबरोबर (ड्रमचा खालचा जड ठोका) घातली की गिचमिड होते. सुरुवात कुठून करायची?

सबबेस_राजारामपुरी:
भावा, ९० वरून १२८ म्हणजे वेग ४२ टक्क्यांनी वाढला. एवढं दाबल्यावर व्यंजनं खाल्ली जाणारच, जोडाक्षरं तर आधी जातात. १६ बारना (एक बार म्हणजे चार ठोके) ९० वर जवळपास ४३ सेकंद मिळतात, १२८ वर फक्त ३०. हाउससाठी ओळी नव्यानं लिहा, शब्द निम्मे करा आणि परत रेकॉर्ड करा.

जुने व्हर्स वाचवायचे असतील तर ड्रम अँड बेस (१७४ च्या आसपासचं वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत) धरा. १७४ चं निम्मं ८७. ९० चा व्होकल ८७ वर आणायला साडेतीन टक्केसुद्धा लागत नाहीत. ड्रम दुप्पट धावतात, रॅप आपल्या चालीनं चालतं. बूम-बॅपमधला ५८-६० टक्के स्विंग (ठोके मुद्दाम किंचित उशिरा पाडणं) मात्र हॅटवरून (झांजेचे बारीक ठोके) काढा, नाहीतर १७४ वर हॅट लंगडतात. रेंगाळणारी ढब फक्त आवाजात राहू दे.

हलगी_घुमकं:
हलगीचं सांगतो. कुस्तीच्या मैदानात हलगी चढत जाते, तीच तिची मजा. पण क्लिकशिवाय (ठेका दाखवणारी टिकटिक) रेकॉर्ड केलीत तर चार बारनंतर ग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेषा, सुटतो. वादकाच्या कानात क्लिक द्या. चामड्याची असेल तर टेकच्या आधी शेकून घ्या. सैल पडली की बारीक काडीचा कडक टणत्कार जातो आणि नुसती धप राहते, तीच किकमध्ये मिसळते. डायनॅमिक माइक २०-३० सेंमीवर, थोडा तिरका. मग १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. क्वांटाइझ (ठोके ग्रिडवर ओढणं) ६०-७० टक्केच ठेवा. शंभर टक्के केलं की ती हलगी राहत नाही, सॅम्पल पॅक होतो.

रंकाळा_सिंथ:
हे हिप-हॉप सोडून जाणं अजिबात नाही. १९८२ मध्ये आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्सनं 'प्लॅनेट रॉक' केलं त्यात क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक ग्रुपची धून आणि टीआर-८०८ या ड्रम मशीनचे ड्रम होते. इलेक्ट्रो तिथूनच फोफावलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा मॅसिव्ह अटॅक हा ग्रुप 'द वाइल्ड बंच' या साउंड सिस्टिममधून (पार्ट्यांत गाणी वाजवणारी डीजे टोळी) आला आणि १९९१ च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी रॅप जवळजवळ पुटपुटल्यासारखं ठेवलं, त्यामुळे बेसला जागा मिळाली. माझ्या मते खरा बदल तिथंच आहे. बूम-बॅपमध्ये गाणं रॅपर ओढतो, इथं बेस ओढतो. १६ बारचा व्हर्स ८ वर आणा, पुढचे ८ बार आवाजच नको. दोन्ही रॅपरना हे पटलं नाही तर प्लगइन बदलून काही होणार नाही.

मंगळवारपेठ_एमसी:
पटलं, ८७/१७४ नं सुरू करतो. पण आमचे शो डॉल्बीवर असतात. घरी हेडफोनवर सब (सगळ्यात खालचा बेस) मस्त वाजतो, तिथं गायब.

सबबेस_राजारामपुरी:
गाणं कुठल्या सुरात आहे ते बघा. सी१ म्हणजे ३२.७ हर्ट्झ, डी१ ३६.७. भाड्यानं मिळणारे बरेच बेस बिन (बेसचे मोठे स्पीकर) ४० च्या खाली दमच धरत नाहीत. एफ१ (४३.७) किंवा जी१ (४९) वर गाणं सरकवा, पण व्होकल रेकॉर्ड करायच्या आधी. सबवर थोडं सॅच्युरेशन (आवाज हलका फाटवणं) द्या म्हणजे वरचे हार्मोनिक (त्याच सुराचे वरचे सूर) तयार होतात आणि फोनवरही बेस कळतो. १०० हर्ट्झच्या खालचं मोनो ठेवा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज. बेसला किकवरून साइडचेन लावा (किक वाजली की बेस क्षणभर दबतो), रिलीज, म्हणजे बेस परत वर यायचा वेळ, ८०-१०० मिलिसेकंद. १७४ वर एक ठोका ३४५ मिलिसेकंदांचाच असतो, रिलीज लांबला की बेस वर यायच्या आत पुढची किक येते.

हलगी_घुमकं:
आणि शोला हलगी लाइव्ह असेल तर तिचा माइक सबमध्ये जाऊ देऊ नका. मिक्सरवर त्या चॅनेलचा लो-कट दाबा. नाहीतर बिनचा आवाज माइकमध्ये शिरून घुमायला लागतो आणि ऑपरेटर पहिल्यांदा तुमचाच बेस खाली ओढतो.