बसचे दरवाजे सारखे अडकतात, मदत हवी आहे

मंडळी, सिटी बसच्या डेपोत मेंटेनन्स बघतो. मार्गावरून परत येणाऱ्या गाड्यांत सध्या इंजिनापेक्षा दारांच्या तक्रारी जास्त. ही दारं दाबाच्या हवेवर चालतात; दार अर्ध्यावर अडकतं, कधी बंदच होत नाही. फिटर सिलिंडर बदलतात, पंधरा दिवसांनी तीच गाडी पुन्हा पिटवर.

माझा संशय एअर ड्रायरवर (हवेतला ओलावा काढणारा भाग) आहे. हवेच्या टाकीचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडला की पाण्यासोबत दुधाळ तेल येतं. म्हणजे हवा दाबणारा कॉम्प्रेसर तेल फेकतोय, त्या तेलाने ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे माखतात आणि पाणी थेट दाराच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. शिवाय हवेची गळती आहे; तिच्यामुळे कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही, तो तापत राहतो, असं वाटतं. रात्री 8 बार हवेच्या दाबावर उभी केलेली गाडी सकाळी बघावी तर दाबाचा काटा तळाला. साबणाच्या पाण्याने काही सांधे सापडले, सगळे नाही.

दुसरं, आमची सर्व्हिसिंग किलोमीटरवर चालते. गर्दीत ताशी सरासरी 12 किलोमीटरने जाणाऱ्या बसचं इंजिन 10,000 किलोमीटरला 830 तासांहून जास्त चालतं; ताशी 30 ने जाणारीचं जेमतेम 333. दोघींना एकच मोजमाप लावणं मला तरी पटत नाही.

कुणी इंजिनाच्या तासांवर वेळापत्रक लावलंय का? ड्रायरचं कार्ट्रिज (दाण्यांचा डबा) किती काळाने बदलता? गळती शोधायची सोपी पद्धत? (आमच्या नोंदी अजून वहीत आहेत, तेव्हा महागडं सॉफ्टवेअर सुचवू नका.)