मदत हवी आहे: 'गॉन होम' 10 मिनिटांत कसा संपवायचा?

राजेहो, 'गॉन होम' (2013) हा व्हिडिओ गेम इथं कोणी पूर्ण खेळलाय का? 1995 सालचं रिकामं घर, बाहेर धो धो पाऊस, आणि आपण एकेक ड्रॉवर उघडत हिंडायचं. पहिल्या वेळी मी टिश्यूचा डबासुद्धा उलटून पाहिला होता! आता 'स्पीडरीडर' अचीव्हमेंट (ठरलेलं आव्हान पुरं केल्यावर गेम देतो तो बिल्ला) हवंय: गेममधल्या आपल्या बहिणीच्या सगळ्या डायऱ्या मिळवून 10 मिनिटांत शेवट. एवढ्या निवांत गेमला ही घाई कशाला, देव जाणे. एका मिनिटात गेम संपवायचा 'होमरनर' बिल्ला जमला, हा काही जमत नाही बे. काल 9 मिनिटं 40 सेकंदांना माळ्याच्या जिन्यापाशी पोचलो अन् लाईट गेली. कूलरही बंद, घामाघूम.

डायरी सापडली की लगेच मोजली जाते, की पूर्ण ऐकावी लागते? आणि खोल्यांचा क्रम कोणता धरू? गोष्ट पाठ आहे, स्पॉयलर बिनधास्त द्या.