युद्धानंतरचे रॉटरडॅम: आधी बंदर, मग घरे हा क्रम कसा ठरला?

औसारोडकर, लातूर

नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नगररचना शिकवतो. पुनर्बांधणी म्हटले की आमच्याकडे साहजिकच किल्लारीचा विषय निघतो. या वर्षी तुलनेसाठी नेदरलँड्समधील रॉटरडॅम घेतले आहे. 14 मे 1940 रोजीच्या जर्मन बॉम्बहल्ल्यात आणि त्यानंतरच्या आगीत या शहराचा मध्यभाग नष्ट झाला व सुमारे 80,000 लोक बेघर झाले. पुढे 1944 मध्ये जर्मन सैन्याने बंदरातील धक्के आणि याऱ्याही सुरुंग लावून उडवल्या. युद्ध संपल्यावर आधी बंदर उभे राहिले आणि घरे मागे पडली, असे वाचनात येते. हा क्रम कशामुळे ठरला, आणि जमिनीचा प्रश्न त्यांनी इतक्या लवकर कसा सोडवला, हे जाणकारांनी सांगावे.

गोदाकाठ, नांदेड

सर, जमिनीचे आधी सांगतो, कारण ती हाती आली नसती तर बाकीचे सारे नकाशे कागदावरच राहिले असते. बॉम्बहल्ल्यानंतर त्याच महिन्यात जळालेल्या भागातील जमीन एकत्रितपणे संपादित करण्यात आली. मालकांना रोख मावेजा मिळाला नाही. त्यांची रक्कम शासकीय खातेवहीत जमा झाली आणि ती पुन्हा बांधकाम करण्याशी बांधलेली होती. त्यामुळे मूळ सात-बाराच्या हद्दी (तिथे त्यांना काय म्हणत असतील ते असो) पुसून रस्ते नव्याने आखता आले. देश तेव्हा शत्रूच्या ताब्यात होता आणि हरकती ऐकत बसण्याची स्थिती नव्हती, हेही विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे, नाहीतर ते आपल्या भूसंपादन कार्यालयांना उगाच दोष देतील.

नगररचनाकार विटवेन यांची पहिली योजना जुन्या शहराच्या वळणाची होती. 1942 मध्ये बांधकामे थांबवण्यात आली, आणि 1946 मध्ये मंजूर झाला तो व्हान त्रा यांचा पूर्ण वेगळा आराखडा: रुंद रस्ते, व्यापार आणि वस्ती यांची विभागणी, मोकळ्या जागा. दरम्यान मलब्याचा काही भाग शहरातील जुने जलमार्ग बुजवायला वापरला गेला.

आता क्रमाचे. सुमारे 7 किलोमीटर लांबीचे धक्के उद्ध्वस्त झाले होते, आणि या बंदरावर केवळ शहराचाच नव्हे तर देशाच्या व्यापाराचा मोठा भार होता. शहराची मिळकतच जहाजांतून येत असल्याने तुटपुंजे सिमेंट, पोलाद आणि मजूर आधी धक्क्यांकडे वळवले गेले. 1962 मध्ये रॉटरडॅम जगातले सर्वांत मोठे बंदर ठरले. हिशेब म्हणून निर्णय बरोबर होता. मात्र लोकांना तात्पुरत्या वसाहतींत आणि नातेवाइकांकडे वर्षानुवर्षे काढावी लागली, याची नोंद त्या हिशेबात होत नाही.

उमरगेकर

मी भूकंपानंतर स्थलांतरित झालेल्या गावात वाढलो आहे, म्हणून एक भर घालतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आमच्याकडे क्रम नेमका उलट होता, घरे आधी. ती उभी राहिली, पण नवे गावठाण इतके ऐसपैस आखले गेले की रस्ते, नळ आणि दिवाबत्ती यांची देखभाल ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेली, आणि वाड्यातला माणूस वसाहतीत कानकोंडा झाला. व्हान त्रा यांच्या रुंद रस्त्यांमुळे रॉटरडॅमचा मध्यभागही पुढे ओकाबोका वाटू लागल्याची टीका झाली, आणि नंतर तिथे पुन्हा दाट घरे बांधावी लागली. तेव्हा आधी काय बांधले यापेक्षा किती पसरून बांधले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

औसारोडकर, लातूर

दोघांचेही आभार. उमरगेकर, आपला मुद्दा मी वर्गात स्वतंत्रपणे मांडेन. वाहतुकीबद्दल कोणी लिहील का?

गोदाकाठ, नांदेड

वाहतुकीतले सर्वांत मोठे काम युद्धाच्या आधीच सुरू झाले होते. मास नदीखालचा बोगदा 1937 मध्ये हाती घेतला गेला आणि युद्ध चालू असतानाच 1942 मध्ये खुला झाला; त्यात सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठी वेगळ्या नळ्या आहेत आणि खाली उतरायला लाकडी सरकते जिने आहेत. बोगद्याचे भाग आधी तयार करून नदीच्या तळाशी बुडवले होते, आणि हीच पद्धत त्यांनी 1968 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोला लावली. पाणी जमिनीच्या अगदी वरच्या थरात लागत असल्याने कोरडा खड्डा राखणे कठीण होते. म्हणून भर शहरात चर खणून त्यांत पाणी राहू दिले, आधी तयार केलेले काँक्रीटचे भाग त्यावर तरंगत आणले आणि जागेवर बुडवले. रुंद रस्ते आधीच मोकळे असल्यामुळेच हे जमले. रेल्वेचे मात्र तसे झाले नाही: शहरातून जाणारा उंच लोहमार्ग आणि नदीवरचा उचलता पूल यांना पर्यायी बोगदा मिळायला 1993 साल उजाडले.