मॉईलचा नफा चौदा वर्षांत गेला कुठे?

ताळेबंदवाला (धागाकर्ता)

2010 च्या शेवटी मॉईलचा (पोलादाला लागणारं मँगनीज काढणारी सरकारी कंपनी) आयपीओ, म्हणजे पहिली शेअरविक्री, 375 रुपयांनी आला तेव्हा वडिलांनी माझ्या नावाने अर्ज भरला होता. थोडे लागले. तेव्हापासून ते डिमॅटमध्ये पडून आहेत, आणि कुणी विचारलं की मी छाती काढून सांगतो: नागपूरची कंपनी, कर्ज शून्य, देशातल्या मँगनीजपैकी जवळपास निम्मं हीच काढते. गेल्या आठवड्यात जुने वार्षिक अहवाल काढून बसलो आणि छाती आत गेली.

2010-11: उत्पादन साडेअकरा लाख टन, करोत्तर नफा 588 कोटी.
2024-25: उत्पादन 18 लाख टन, कंपनीच्या इतिहासातलं तोवरचं सर्वाधिक. नफा 382 कोटी.

माल दीडपटीहून जास्त काढला आणि पैसा तिसऱ्या हिश्शाने कमी आला. विक्रीला उत्पादनाने भागलं तर तेव्हा टनामागे सुमारे 9,900 रुपये येत होते, आता 8,800 येतात. (यात ईएमडी म्हणजे बॅटरीत लागणारा मँगनीज डायऑक्साइड, फेरो मँगनीज सगळं आलं, त्यामुळे दशांशावरून भांडू नका.) म्हणजे चौदा वर्षांत मालाचा भाव वाढला तर नाहीच, उलट उतरला. पगार, वीज, डिझेल मात्र कुणासाठी थांबले नाहीत. एकट्या पगारावर उत्पन्नाचे तीस टक्क्यांच्या आसपास जातात.

ईपीएस (एका शेअरमागचा नफा) बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. बोनस धरून तेव्हा 17.5 रुपये, आता 18.75. 2017 चा एकास एक बोनस (एका शेअरवर एक फुकट) जमेस धरला तर तेव्हाचे शेअर 33.6 कोटी होतात. मधल्या बायबॅकांमुळे (कंपनीने आपलेच शेअर परत विकत घेतले) आता 20.35 कोटी उरलेत. भाकरी लहान झाली, पण खाणारेही कमी झाले. माझं मत: हा शेअर स्वस्त दिसतो, स्वस्त नाही.

एसआयपी_काका

अहो, तुम्ही सुरुवात नेमकी शिखरापासून केलीत! 2010 म्हणजे चीनच्या पोलादाच्या तेजीचा काळ. तेव्हा मँगनीजचं काय, लोखंडाच्या धुळीचंही सोनं होत होतं. 2020-21 पासून नफा मोजा, कोटींत: 177, 377, 251, 293, 382. आता सांगा, नफा गेला कुठे?

ताळेबंदवाला

काका, मी शिखर धरलं तसं तुम्ही कोविडचा खड्डा धरलात की! शिवाय 377 नंतर 251 कसा झाला, त्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत नाही.

मनसरचा

भाऊ, ताळेबंद बरोबर वाचला तुम्ही, खाण नाही वाचली.

माझे बाबा मॉईलच्या चिखल्याच्या खाणीत होते. पाळीवरून घरी आले की आंघोळीचं पाणी काळं निघायचं, दोन-तीन बादल्या गेल्या तरी. वरती बाया माल हातानं निवडायच्या. दगड उचलला की वजनावरूनच कळे, माल आहे की गोटा. मँगनीज हातात घेतलं की हात खालीच ओढला जातो.

हे सांगतो काऊन, तर ही कोळशाची उघडी खाण नव्हे की चार डंपर वाढवले अन् उत्पादन वाढलं. डोंगरी बुजुर्गसारखी एखादी सोडली तर मोठ्या खाणी जमिनीखाली आहेत. एक थर काढायचा, त्या पोकळीत वाळू भरायची, मग वरच्या थराला हात लावायचा. वाळू भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बालाघाटला अन् गुमगावला नवे शाफ्ट (खाणीत उतरायच्या खोल उभ्या विहिरी) घेतले, त्यांना वर्षंच्या वर्षं लागली. तोवर पैसा खड्ड्यात, कमाई काही नाही. साडेअकरावरून 18 लाख टन असं फुकट होत नाही. 2030 पर्यंत 30 लाखांचं म्हणतात. मी 25 धरतो, तरी पुरे.

ताळेबंदवाला

मनसरचे दादा, वाळूचं मला खरंच ठाऊक नव्हतं. पण तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. टन वाढवायचा तर खोल जावं लागतं, आणि खोल गेलं की टनामागचा खर्च वाढतो. भाव मात्र कंपनीच्या हातात नाही.

भट्टीवाला

भाव कंपनीच्या हातात नाही, हे कागदावर चूक आणि व्यवहारात बरोबर. मी रायपूरला एका फेरो अलॉयच्या (पोलादात मिसळायच्या मिश्रधातूंच्या) कारखान्यात खरेदी बघतो. मॉईल दर महिन्याला आपला भाव स्वतःच जाहीर करते. पण जाहीर करताना नजर असते दक्षिण आफ्रिका, गॅबन आणि ऑस्ट्रेलियाहून विशाखापट्टणमला उतरणाऱ्या मालावर. तो आमच्या दारात किती पडतो, त्याच्या आसपासच यांना राहावं लागतं. रायपूर-दुर्गापूरकडच्या भट्ट्यांना नागपूर-बालाघाटचा माल भाड्यात परवडतो, तेवढीच यांची मक्तेदारी.

आणि आमचंही ऐका. एक टन सिलिको मँगनीजला (आमचा मिश्रधातू) साधारण चार हजार युनिट वीज जाते. विजेचा दर चढला आणि सिलिकोचा उतरला की आम्ही भट्टी बंद ठेवतो. मग मॉईलने विक्रमी उत्पादन केलं तरी ते यार्डात ढीग घालून बसतं. उत्पादनाचा विक्रम वाचलात की विक्रीचा आकडा शेजारी ठेवून वाचा.

जुलै 2024 मध्ये शेअर 590 च्या जवळ गेला तो खाणीच्या कर्तृत्वाने नव्हे. मार्चमध्ये मेगन चक्रीवादळ ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंडवर आदळलं, साउथ32 या खाण कंपनीचा जहाजांचा धक्का मोडला आणि जगातल्या चांगल्या प्रतीच्या मँगनीजचा एक मोठा नळ बंद झाला. भाव भडकले. आम्ही इथे डोकं धरून बसलो होतो आणि व्हॉट्सॲपवर लोक 'मल्टीबॅगर' (पैसे कित्येक पट करणारा शेअर) म्हणून नाचत होते.

नवखा_91

मी त्याच नाचात होतो 😔 एका टेलिग्राम चॅनेलवर 'टार्गेट 900' वाचून 540 ला घेतले. सरासरी करू का, म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेऊ का?

एसआयपी_काका

540 ला घेतलेत तेव्हा आदल्या वर्षीच्या 14.4 रुपयांच्या ईपीएसवर पीई (भाव भागिले ईपीएस) 37 पडला. खाणीच्या शेअरला 37? पुढच्या आठ महिन्यांत भाव जवळपास निम्म्यावर आला. सरासरी करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण आधी त्या चॅनेलमधून बाहेर पडा.

ताळेबंदवाला

इथे गंमत बघा. चक्री (तेजी-मंदीच्या फेऱ्यांच्या) धंद्यात पीई उलटा वाचायचा असतो. नफा शिखरावर असतो तेव्हा पीई 8 दिसतो आणि माणूस अडकतो. नफा तळाला असतो तेव्हा 40 दिसतो आणि माणूस पळतो. नवखे, तुम्ही मात्र भाव शिखरावर आणि पीईही शिखरावर असा दुर्मीळ योग साधलात.

पाटीवरचा_वकील

तुम्ही सगळे टनावर भांडताय आणि न्यायालय विसरलात. 25 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला: रॉयल्टी (खनिज काढल्याबद्दल राज्याला द्यायची रक्कम) हा कर नव्हे, आणि खनिज हक्कांवर राज्यांना कर लावता येतो. ऑगस्टमध्ये पुढचा आदेश आला, की मागची वसुली 1 एप्रिल 2005 पासूनच्या व्यवहारांवर करता येईल, हप्ते 1 एप्रिल 2026 पासून बारा वर्षांत. मँगनीजवर रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या 5 टक्के, जुन्या लीजवर (खाणपट्ट्यावर) त्या रॉयल्टीच्या 30 टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, आणि आता वर राज्याने मनात आणलं तर हाही कर.

मनसरचा

वकीलसाहेब, पण महाराष्ट्र अन् मध्य प्रदेश दोघंही मॉईलचे भागधारक आहेत. पाच-पाच टक्क्यांच्या आसपास. स्वतःच्याच गाईच्या कासेला चिमटा काढतील का?

पाटीवरचा_वकील

लाभांशात पाच टक्के वाटा, करात शंभर टक्के. तुम्हीच हिशेब करा.

एसआयपी_काका

हा मुद्दा मी मानतो. पण मग बायबॅकला वाईट का म्हणता? असे बाहेरचे धोके असताना कंपनी पैसा भागधारकाला परत देते, ही जमेची बाजू नाही का?

ताळेबंदवाला

परत कुणाला दिला ते बघा. 2016 च्या बायबॅकमध्ये 248 रुपयांनी (बोनसच्या आधीचा भाव) सुमारे 863 कोटी गेले. सर्वात मोठा भागधारक केंद्र सरकार, त्यामुळे मोठा वाटा तिजोरीत. त्या काळात सगळ्याच सरकारी कंपन्यांकडून तुटीसाठी असा पैसा काढला गेला. तेच पैसे शाफ्टला लागले असते तर मनसरच्या दादांचे 25 लाख टन आधी दिसले असते. 2022 चा 205 रुपयांचा बायबॅक मात्र, खरं सांगतो, मला पटला. भाव पडलेला होता आणि राहिलेल्यांचा वाटा वाढला.

मनसरचा

शाफ्ट पैशानं लवकर होत नाही भाऊ, दगडानं होतो. पण ठीक आहे. बाबांनी कर्मचाऱ्यांच्या कोट्यातले शेअर अजून विकले नाहीत, मी पण विकणार नाही.

ताळेबंदवाला

विका म्हणत नाही मी. माझेही आहेतच. नवीन घेत नाही, इतकंच. बालाघाट आणि गुमगावच्या शाफ्टवर दर वर्षी किती भांडवल अडकून पडलंय ते जुन्या अहवालांतून काढून इथे टाकतो. भट्टीवाले, तुम्ही दर महिन्याचा जाहीर भाव टाकाल का? म्हणजे दोन्ही शेजारी ठेवता येतील.

भट्टीवाला

टाकतो. फक्त एक तारखेला आठवण करा, महिनाअखेरीला आमच्याकडे मालाच्या गाड्यांवरून रोज भांडणं असतात.