जुन्या सॅन स्टॉर्मचा क्लच गेला: लायनिंग मारू, फुल सेट टाकू की सिरॅमिक?

— धागाकर्ता
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, फायबर बॉडीची टू-सीटर. रेनॉचं १,१४९ सीसी पेट्रोल इंजिन, ६० बीएचपी. नव्या गाड्या निघणं केव्हाच बंद झालं, त्यामुळे पार्टसाठी दारोदार फिरावं लागतं.

मी परतवाड्याजवळ राहतो. बाजारहाटाला अमरावती आणि पाहुणे आले की चिखलदरा, एवढाच वापर. सध्या चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही पळत नाही. पेडल पार वर आल्यावर क्लच पकडतो. केबलला प्ले देऊन पाहिला, फरक शून्य. घाटात तर जळका वास सुटतो.

आमचा मिस्त्री म्हणतो, "कायले नवी घेता भाऊ, अमरावतीले लायनिंग मारून आणतो, दोन वर्सं पाहा लागत नाही." म्हणजे जुन्याच प्लेटवर घर्षणाचा नवा थर रिव्हेटने बसवायचा. पुण्याचा भाचा सिरॅमिक प्लेट आणि हेवी प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट दाबून धरणारी) अडून बसलाय, स्पोर्ट्स कार आहे ना! एक पार्टवाला फोनवर म्हणाला, महिंद्रा-रेनॉच्या लोगन गाडीचा फुल क्लच सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग) बसेल. छातीठोकपणे म्हणाला, म्हणून जास्त शंका येते.

काय करू?

— घाटातला फियाटवाला
भाच्याला चहा पाजा आणि पुण्याला पाठवा. ६० बीएचपीला सिरॅमिक कशाला? ती प्लेट रेसच्या नाहीतर टर्बो लावलेल्या गाडीसाठी. हाफ क्लचवर ती नीट सरकत नाही, एकदम पकडते. मोसमात संत्र्याच्या ट्रकमागे, कापसाच्या ट्रॅक्टरमागे इंच इंच सरकताना गाडी असे झटके देईल की शेजारी बसणारा उतरून चालू लागेल. हेवी प्रेशर प्लेटने पेडल जड होतं आणि केबल लवकर तुटते, ते वेगळंच. साधी ऑर्गॅनिक, म्हणजे नेहमीच्या लायनिंगची प्लेटच घ्या.

एक सांगा, बेल हाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्समधलं क्लचचं घर) खाली ओल आहे का?

— धागाकर्ता
आहे! मिस्त्रीने सांध्यावर बोट फिरवलं तर काळं तेल आलं. वास इंजिन ऑइलचा वाटला, गिअर ऑइलसारखा उग्र नाही.

— घाटातला फियाटवाला
मग क्रँकचं मागचं सील, म्हणजे इंजिनचं तेल क्लचकडे येऊ न देणारी रबरी कडी, आधी बदला. प्लेट झिजली नसेल, तेलानेच स्लिप मारत असेल. सील तसंच ठेवून नवा सेट टाकलात तर तोही तेल पिणार. आणि तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. चार दिवस चालते, मग पुन्हा तेच.

— गॅरेजवाला, वर्धा
लोगनच्या नादाला एवढ्यात लागू नका. ती भारतात २००७ मध्ये आली, तिचं १.४ पेट्रोल इंजिन दुसऱ्या घराण्यातलं. तुमचं १,१४९ वालं रेनॉच्याच क्लिओ आणि ट्विंगो गाड्यांमध्ये होतं, त्या नावाने शोधा. पण नावावर पैसे देऊ नका, मापावर द्या. जुनी प्लेट काढून बाहेरचा व्यास मोजा, मधल्या हबचे दात मोजा, हबची उंची कोणत्या बाजूला जास्त आहे ते लिहून ठेवा. नवी प्लेट आली की आधी हाताने गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून पाहा. अडकायला नको, डगडगायलाही नको.

नाहीच मिळाली तर मिस्त्री म्हणतो ते लायनिंग वाईट नाही. फक्त हबच्या स्प्रिंगा सैल नकोत, लायनिंगखालच्या पत्र्याला चीर नको, रिव्हेटचं डोकं पृष्ठभागाच्या आत बसलेलं हवं. प्रेशर प्लेटच्या बोटांची (मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांची) टोकं झिजली असतील तर मात्र नुसत्या लायनिंगने भागणार नाही. फ्लायव्हीलवर (इंजिनचं जड चाक, ज्यावर प्लेट दाबली जाते) जास्त तापल्याचे निळे डाग, बारीक भेगा दिसतात का बघा. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटची बोटं ढकलणारं) नवीनच टाका. बेअरिंगचे पैसे वाचवाल आणि आवाज यायला लागला की गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा द्याल.

— धागाकर्ता
दोघांचेही आभार. भाच्याला फोन झाला, रुसलाय. सोमवारी गिअरबॉक्स उतरवतोय. मिस्त्रीकडे बारीक माप घ्यायला व्हर्नियर नाही, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, मास्तरांशी बोललो. सील कुठल्या दुकानात मिळेल? नागपूरकडचं कोणी आहे का इथे?

— गॅरेजवाला, वर्धा
सील काढलं की त्याच्या कडेवरचा नंबर पुसून वाचा. आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी मिळाली की ऑइल सीलवाला बेअरिंगच्या दुकानातच सापडतो, गाडीचं नाव सांगायचीही गरज नाही. फ्लायव्हीलचा फोटो इथे टाका.